नवऱ्याची झोप आणि मारका गोऱ्हा

माझ्या नवऱ्याला दोन वर्षं धड झोप नव्हती, आणि त्याचा ठपका माझ्यावर आला. सासरच्यांनी ठेवला, शेजारणींनी ठेवला, एका डॉक्टरनेही ठेवला. बोलताना मी नवऱ्याला 'अहो' म्हणते, 'तुमी' म्हणते. इथे मात्र 'तो' म्हणणार आहे. त्या दोन वर्षांत मनातल्या मनात मी त्याला जे जे म्हटलं, त्या मानाने हे पुष्कळच सौम्य आहे.

आम्ही आदिलाबाद शहरात राहत होतो. तो महसूल कार्यालयात, मी बोथकडच्या एका गावात मराठी शाळेवर शिक्षिका, मुलगी तेव्हा चौथीत. सासर वांकिडीजवळच्या खेड्यात, कापूस-ज्वारीचं घर. राज्य नवं होऊन थोडेच दिवस झाले होते आणि आता आमच्या जिल्ह्याचे चार जिल्हे होणार होते. जो तो तेलुगूत 'कोत्ता जिल्ला, कोत्ता जिल्ला' म्हणजे नवा जिल्हा, नवा जिल्हा करत होता. बोथ, नेरडीगोंडा जुन्या जिल्ह्यातच राहिलं, वांकिडी नव्यात गेलं. म्हणजे माझं सासर परजिल्ह्यात गेलं. मला ही बातमी गोड वाटली होती, खोटं कशाला बोलू.

नवऱ्याच्या टेबलावर वाटणीचंच काम आलं. कोणत्या गावचे कागद कोणत्या जिल्ह्याकडे, कोणाची नकल काढायची, कोणाचं मूळ द्यायचं. निजामाच्या काळातले उर्दू कागद, त्यावर तेलुगू शेरे, आणि ते सोडवायला बसलेली ही मंडळी. कोणाची बदली कुठे होणार ते कोणालाच माहीत नव्हतं. सगळं दफ्तर एकमेकांच्या अंगावर धावून जात होतं. जिथे झाडून सगळेच चिडलेले, तिथे एक माणूस दुसऱ्याच कारणाने चिडलाय हे कोण ओळखणार? जो तो म्हणायचा, वाटणीचं काम संपू दे, मग झोपेल.

पण मला माहीत होतं की हे वाटणीच्या आधीपासून सुरू आहे. मी त्याच्या शेजारी झोपत होते, दफ्तर झोपत नव्हतं.

आधी दाढी गेली. हा माणूस लग्न झाल्यापासून रोज सकाळी दाढी करायचा, नाही केली तर संध्याकाळी गाल कोळशासारखे काळे दिसायचे. ती दिवसाआड झाली, मग तीन दिवसांनी, आणि तरी चेहरा बऱ्यापैकी स्वच्छच. मला वाटलं आळस. मग पोट सुटलं, दंड मात्र बारीक झाले. मग व्हॉलीबॉल सुटलं. रविवारी सकाळी मैदानावर जाणारा माणूस खाटेवर छताकडे बघत पडू लागला. माझ्याकडेही बघेनासा झाला. हे कसं लिहायचं याचा मी पुष्कळ विचार केला, तर सरळच लिहिते. आमच्यात नवरा-बायकोचं जे असतं ते थांबलं. पहिले काही महिने मला वाटलं बाहेर काही आहे. मी त्याच्या शर्टांचा वास घेतला, फोन तपासला. फोनमध्ये नुसते तहसीलचे निरोप होते.

आणि झोप. अंग टाकायचा, डोळा लागायचा, घोरायचा, दचकून उठायचा, मग पहाटेपर्यंत कूस बदलत राहायचा. दिवसा बसमध्ये पेंगायचा, फायलीवर पेंगायचा. संध्याकाळी घरी आला की वड्याचं तेल वांग्यावर. वरणात मीठ कमी, मुलीचा आवाज मोठा, पंख्याचा आवाज होतो, पंखा बंद का. एकदा ज्वारीची भाकरी थोडी करपली म्हणून ताट भिंतीवर मारलं. मी ते तसंच राहू दिलं. दोन दिवस भिंतीवर वरणाचा ओघळ होता. तिसऱ्या दिवशी त्यानेच ओलं फडकं घेऊन पुसला, आणि पुसता पुसता रडला. मी बघत होते. मला दया आली नाही. मला वाटलं, आता रडतोस होय.

मीही काही गाय नव्हते. तो एक बोलला तर मी चार बोलायची. मुलगी त्याच्या गाडीचा आवाज आला की दप्तर उचलून आतल्या खोलीत जायची. ते बघितल्यावर मी मनाशी ठरवलं की हा माणूस पूर्वीसारखा झाला नाही, तर मुलीला घेऊन किनवटला माहेरी जायचं. शाळेला तिथून ये-जा अवघड होती, पण जमवली असती. मी त्याला तोंडावर सांगितलंसुद्धा. तो म्हणाला, "जा. झोप तं लागंन."

मग उपाय सुरू झाले, आणि ते सगळे माझ्यावर. आजार रेड्याला आणि औषध पखालीला, तशी गत. सासूबाईंनी खेड्यातून डिंक-उडदाचे लाडू पाठवले आणि सोबत निरोप, की नोकरीवाल्या बायकोच्या हातचं घाईचं जेवण अंगी लागत नाही. शेजारीण म्हणाली, तुम्ही जरा नीटनेटक्या राहत जा, माणसाचं मन रमतं. आमच्याच गल्लीतल्या डॉक्टरने त्याला झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या आणि मला म्हणाले, "मॅडम, घरात शांतता ठेवा." गोळ्यांनी तो दिवसभर आंबून राहायचा आणि संध्याकाळी पहिल्यापेक्षा जास्त भडकायचा. शांतता ठेवायला मला मात्र कोणी गोळी दिली नाही.

नागपूरला मी त्याला भांडून नेलं. तिथले डॉक्टर वयस्कर होते, कमी बोलणारे. त्यांनी त्याला जे प्रश्न विचारले, ते दोन वर्षांत कोणी विचारले नव्हते. सकाळी उठल्यावर ताजंतवानं वाटतं का? घोरता का? दाढी पूर्वीइतकी येते का? बायकोजवळ जावंसं वाटतं का? शेवटच्या प्रश्नाला तो खिडकीकडे बघू लागला. मी म्हटलं, "नाही वाटत." डॉक्टरांनी मान हलवली, जणू मी नाडीचे ठोके सांगितले. रक्त सकाळीच द्यायचं, असं बजावून सांगितलं. एकदा दिलं, मग खात्रीसाठी पुन्हा एका सकाळी दिलं. दोन्ही वेळा टेस्टोस्टेरॉन फार कमी निघालं.

डॉक्टरांनी समजावलं ते असं. हे द्रव्य फक्त त्या एका गोष्टीसाठी नसतं. हाडं, रक्त, अंगातली ताकद, मन, झोप, सगळ्यांत त्याचा हात असतो. ते कमी पडलं की माणूस थकतो, उदास होतो, झोप तुटक होते. झोप तुटली की ते आणखी घसरतं. "आणि आपल्याकडे पुरुष उदास झाला की तसं म्हणत नाही," ते म्हणाले, "तो चिडतो." घोरण्याची वेगळी तपासणी करायची, वजन उतरवायचं, कमी होण्याचं कारण शोधायचं, आणि हृदय वगैरे सगळं बघून मग इंजेक्शनं. सगळं त्यानेच सुधारेल अशी हमी देत नाही, हेही त्यांनी सांगून टाकलं.

मला एवढं हलकं वाटलं की दवाखान्याच्या पायऱ्यांवर मी चक्क बसले. हा माणूस दुष्ट झाला नव्हता, आजारी होता. आजारी माणसाला सोडून जाता येत नाही, हेही तिथेच कळलं, आणि त्याचा थोडा रागही आला. किनवटचा विचार मी बाजूला ठेवला. आदिलाबादला उतरल्यावर नवरा म्हणाला, "हे कोणाले सांगू नको." आणि दोन दिवसांनी तोच उठून खेड्यात गेला आणि आपल्या बापाला सांगून आला.

आता माझ्या सासऱ्यांबद्दल सांगितलं पाहिजे. गावात कोणाचा गोऱ्हा खच्ची करायचा असला की जनावरांचे डॉक्टर चिमटा घेऊन यायचे, पण गोऱ्हा आडवा पाडायला आणि पाय बांधून धरायला सासऱ्यांनाच बोलवायचे. नर जनावराबद्दल त्यांच्या तोंडून निघेल तो त्या पंचक्रोशीत कायदा. त्यांनी आम्हा दोघांना रविवारी बोलावून घेतलं. ओसरीवर सासरे, धाकटा दीर, आणि खांबाला टेकून तूर निवडत बसलेल्या सासूबाई.

सासरे आधी पोटभर हसले. मग म्हणाले, "डॉक्टरले काई समजत नाई. गोऱ्हा खच्ची केला का काय होते? थंड होते. पोरगंबी कासरा धरून नेते त्याले. मारका असते तो आंडिल, खच्ची न केलेला. हा तं घरात शिंगं मारून राह्यला. याच्यात कमी कायची? याच्यात जास्त हाय."

दीरही हसला. आणि माझा नवरा, जो दोन वर्षांत हसला नव्हता, तोही हसला. त्याच्या चेहऱ्यावर अशी सुटका पसरली की मला तिथल्या तिथे कळलं, हा आता इंजेक्शन घेणार नाही. नागपूरच्या डॉक्टरने त्याला खच्ची म्हटलं होतं, असं त्याने धरून घेतलं होतं. बापाने त्याला परत आंडिल केलं. आणि हा हिशेब चुकीचा आहे हे त्या ओसरीवर कोणाला पटणार नव्हतं, कारण तो त्यांनी डोळ्यांनी पाहिलेला होता. कागदावरचा आकडा कोणी बघितलाय, बैल सगळ्यांनी बघितलेत.

मग निकाल लागला. दफ्तरात ताण आहे, तो उतरेल. राहिलं घर. सासरे माझ्याकडे न बघता म्हणाले, "सूनबाईनं आता नव्या जिल्ह्यात बदली मागून घ्यावं. इथं राहावं. माणसाले घरचं अन्न भेटलं, बायको डोळ्यापुढं राह्यली, का झोप येते."

मी म्हणाले, "मामाजी, मी बदली मागणार नाई. अन् यायनं औषध घेतलं नाई तं मी किनवटले चालली."

"ऐकलं काय?" सासरे मुलाला म्हणाले. "हे आग घरात असली तं कोणाले झोप येईन?"

मी सासूबाईंकडे बघितलं ते मदतीसाठी नव्हे. त्याही काहीतरी बोलणार हे माहीत होतं म्हणून आधीच बघून ठेवलं. लाडूंचे निरोप त्यांचेच होते.

त्यांनी तुरीतला खडा काढून अंगणात टाकला आणि मान खाली ठेवूनच म्हणाल्या, "अन् तो पांढरा?"

सासऱ्यांनी ऐकलं नाही असं केलं.

"पांढरा गोऱ्हा," सासूबाई म्हणाल्या. "तुमी त्याले लय उशिरा खच्ची केला. चांगला जून झाला होता. थंड झाला काय तो? चारा सोडला. भिताडाकडे तोंड करून उभा राहे. रातच्याले बसे नाई का झोपे नाई. अन् एक दिवस मले शिंग मारलं. दोन बरगड्या मोडल्या माह्या. लहानपणी केला तो गरीब होते. भर ज्वानीत ज्याचं गेलं, तो येडा होते. तुमाले ठाऊक हाय हे."

सासरे उठले आणि गोठ्याकडे गेले. त्यांना हे ठाऊक होतं. गावात ज्या माणसाला नर जनावराचं सगळं ठाऊक, त्याने आपल्याच पोराच्या बाबतीत त्यातलं सोयीचं तेवढं बाहेर काढलं होतं. दीरही मागोमाग गेला. माझा नवरा तिथेच बसून राहिला, आणि थोड्या वेळाने मला विचारलं, "नागपूरले परत कवा बोलावलं?"

स्वयंपाकघरात मी सासूबाईंच्या मागे गेले. त्यांचे पाय धरावेत असं एखाद्या भल्या सुनेला वाटलं असतं. मला संताप आला होता. मी विचारलं, "तुमाले हे सगळं माहीत होतं, तं दोन वर्षं मले काऊन बोलल्या?"

त्या चुलीत काडी सारत, सासरे गेले त्या गोठ्याकडे मान करून म्हणाल्या, "यायलेबी असेच दिवस आले होते. तवा माही सासू मलेच बोलली. गाव मलेच बोलला."

"म्हणून?"

"म्हणून काय. बोलतेत," त्या म्हणाल्या, आणि मला कणिक मळायला दिली.

नवऱ्याने उपचार घेतला. तपासण्या झाल्या, इंजेक्शनं सुरू झाली, रात्री नाकावर लावायचं एक यंत्र आलं, संध्याकाळी चालणं आलं. बदल हळूहळू झाला, इतका हळू की आधी मला तो मान्यच करायचा नव्हता. मग एका सकाळी बेसिनपाशी दाढीचे केस पडलेले दिसले, दुसऱ्या दिवशीही दिसले. तो सलग झोपू लागला. फायली आपापल्या जिल्ह्यात गेल्या, त्याची बदली झालीच नाही. मुलगी गाडीचा आवाज आला तरी जागची हलेनाशी झाली, नंतर तर दार उघडायला जाऊ लागली. तो मला एकदा म्हणाला, "तू होती म्हणून." एवढंच. मला तेवढं पुरलं. भिंतीवरचं वरण, फेकलेलं ताट, "जा, झोप तं लागंन", सगळं मी आजाराच्या खात्यावर टाकलं आणि माफ केलं. मला माफ करायची सवय नाही, म्हणून ते काम मी मन लावून केलं.

पुढच्या पोळ्याला आम्ही खेड्यात गेलो. बैल सजले, तोरणाखालून गेले, दारात ओवाळून झाले. दुपारी पंगत बसली. सासरे, दीर, भाऊबंद, गावातले चारजण, आणि मध्ये माझा नवरा, चेहरा भरलेला, तुकतुकीत. मी पुरणपोळी वाढत होते. एका म्हाताऱ्याने नवऱ्याला विचारलं, "काय बापू, बरा झाला म्हणते?"

उत्तर सासऱ्यांनी दिलं. "जिल्ह्याचं काम सरलं, पोरगा खुलला. अन् सूनबाईबी आता घराकडं ध्यान देऊन राह्यली. बाईनं ध्यान देलं का माणूस सुदरते."

"खरं हाय," म्हातारा म्हणाला. दोन-तीन माना हलल्या. सासूबाई दारात उभ्या होत्या, त्या आत निघून गेल्या.

मी नवऱ्याकडे बघितलं. तो पोळीवर तूप पसरत होता. नागपूरच्या सगळ्या फेऱ्या त्याला ठाऊक होत्या. डॉक्टरांसमोरच्या खुर्चीत तोच बसला होता, सुई त्याच्याच दंडात जात होती. वाढण्याचं भांडं हातात धरून मी म्हणाले, "अहो, सांगा न यायले."

त्याने वर बघितलं. राग नव्हता, थकवा नव्हता, डोळे स्वच्छ, झोप झालेले. "जाऊ दे न," तो म्हणाला. "सणाच्या दिवशी काऊन काढतं ते?" इतक्या मऊ आवाजात तो कित्येक दिवसांत बोलला नव्हता. आणि तो पुढे जेवू लागला.

तेव्हा मला आमच्या लग्नाची पंगत आठवली. त्याचा चुलता भाजीवरून माझ्या वडिलांना चारचौघांत घालून पाडून बोलला होता, वडील हात जोडून उभे होते, आणि नवरदेव असाच खाली मान घालून जेवत होता. तेव्हा मला वाटलं होतं, किती शांत मुलगा आहे. दोन वर्षं मी नवस केल्यासारखं मागत होते की पूर्वीसारखा माझा माणूस मला परत मिळावा. तो मिळाला होता. नखशिखांत तोच होता.

मी भांडं जावेच्या हातात दिलं, मुलीला हात धुवून यायला सांगितलं, आणि पिशवी भरायला आत गेले. आजारी माणसाला सोडून जायला मी धजले नव्हते. हा पूर्ण बरा होता.